दासोपंतांची पासोडी

पासोडी म्हणजे काय, हे खेड्यापाड्यांतून राहणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांस सांगावयास नको. जाडेभरडे, थंडीवाऱ्यात अंगावर घ्यावयाचे, प्रसंगी अंथरावयाचे असे ते गरिबाचे वस्त्र. असल्याच एका वस्त्रावर, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद, एका पुरुषाने मनुष्याच्या देहाचा, मनाचा आणि जाणिवेचा सारा पसारा लिहून ठेवला. ती पासोडी आपल्याच बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईस, चारशे वर्षे जतन होऊन राहिली आहे. लिहिणाऱ्याचे नाव दासोपंत.

स्मरणिकेच्या संपादकांनी प्रस्तुत लेखकाकडे मानसशास्त्रावर एखादा सुगम लेख मागितला, तेव्हा प्रथम परदेशी विद्वानांची नावेच डोळ्यांपुढे उभी राहिली. पुष्कळ वर्षे शाळामास्तरकी केल्याचा तो परिणाम होय. मागाहून विचार केला की, जिल्ह्याच्या एका टोकास आपले शिरूर, दुसऱ्या टोकास अंबाजोगाई. मग घरचे सोडून दूर कशास जावे? म्हणून लेखाऐवजी हे चरित्र सादर करीत आहे. विषय मात्र तोच आहे.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ म्हणजे सन १५५१ मधला. गाव नारायणपेठ, बेदरच्या राज्यातले. वडील दिगंबरपंत, आई पार्वतीबाई, आडनाव देशपांडे. देशपांडेपण म्हणजे मान मोठा आणि जोखीमही तितकीच मोठी. परगण्याचा वसूल गोळा करून सरकारात भरणा करावयाचा, आणि पीक बुडाले तरी हिशेबाचा जाब आपण द्यावयाचा. असाच एक प्रसंग दिगंबरपंतांवर आला. भरणा राहिला, आणि बाकी फिटेपर्यंत दासोपंतांस कोवळ्या वयात बेदर येथे ओलीस ठेवण्यात आले. परंपरागत चरित्रे सांगतात की, महिनाभराची मुदत घालण्यात आली होती. त्या आत रक्कम आली नाही तर मुलास धर्मांतर करावे लागेल, असे बजावण्यात आले होते.

या महिन्याविषयी चरित्रकारांनी फारसे लिहिलेले नाही. त्यांचे लक्ष पुढे येणाऱ्या चमत्काराकडे लागलेले असते. प्रस्तुत लेखकाचे लक्ष मात्र या तीस दिवसांतून निघत नाही. आपला मुलूख दुष्काळाचा. १९७२ सालचा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून गावागावांत आहेत, आणि कर्जाची तारीख जवळ येऊ लागली म्हणजे घरातल्या लहान मुलाच्यासुद्धा पोटात कसा गोळा उठतो, हे येथे कोणास ठाऊक नाही? रक्कम दुसऱ्याने आणावयाची आणि तारण आपण राहावयाचे, अशी त्या मुलाची स्थिती. सकाळ झाली की एक दिवस कमी. भय, आशा, बापावरील विश्वास आणि त्याच बापाविषयी शंका, हे सर्व त्याने परक्या शहरात एकट्याने सोसले असले पाहिजे.

मुदतीच्या शेवटी दत्ताजी पाडेवार नावाचा कोणी चाकर दरबारात आला, पैचा हिशेब चुकता करून पावती घेऊन गेला आणि मुलगा सुटला. घरी पोचल्यावर कळले की या नावाचा मनुष्य दिगंबरपंतांच्या पदरी कधीच नव्हता. कुळाचे दैवत दत्तात्रेय, तेच चाकर होऊन आले, असा भक्तांचा भाव आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आणि विठू महाराची कथाही याच घडणीची व बेदरच्याच दरबारातली आहे. एकीची छाया दुसरीवर पडली असणे संभवनीय आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने या कथेवर फार भार टाकता येणार नाही. पण दासोपंतांच्या पुढील वर्तनाचे मूळ त्यांच्या भक्तांनी याच प्रसंगात पाहिले आहे. आपल्यासाठी देवाला चाकरी करावी लागली, ही गोष्ट त्यांच्या मनास इतकी लागली की सुटकेचा आनंद टिकला नाही. ज्याने सोडविले त्यास पाहिल्यावाचून राहावयाचे नाही, असे ठरवून एके दिवशी ते कोणास न सांगता घराबाहेर पडले. तेव्हा त्यांचे लग्न झालेले होते.

ते माहूरला गेले. रेणुकेचे आणि दत्तात्रेयांचे ते स्थान. तेथे बारा वर्षे त्यांनी तपश्चर्या केली असे सांगतात. नंतर त्यांस आदेश झाला आणि ते गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे आले. शिरूरच्या उत्तरेस असलेले हे तीर्थ आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले आहे; शनीच्या दर्शनास आपण तेथे जातो, दासोपंतांची आठवण मात्र क्वचितच कोणी करतो. याच ठिकाणी दत्तात्रेयांच्या पादुका त्यांस प्राप्त झाल्या, अशी परंपरा आहे.

इकडे घरी काय चालले होते? बारा वर्षे ज्याची वार्ता नाही तो गेला असे समजून क्रिया करावी, असा त्या काळचा शास्त्रार्थ होता. त्याप्रमाणे आईवडील सुनेस घेऊन नदीकाठच्या तीर्थावर आले. तिची सौभाग्यलेणी उतरविण्याची तयारी झाली. नेमके त्याच वेळी दासोपंत तेथे भेटले, आणि तो विधी टळला.

ही कथा वाचताना आपल्या समाजातील मनुष्याचे मन बांगड्यांवर अडते. आपल्या धंद्यात बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. प्रस्तुत लेखकाचे चुलते बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून सिंदफणेच्या दोन्ही तीरांवरील खेडी करीत असत. एका वस्तीवर एक बाई होती. तिचा नवरा आठ वर्षांपूर्वी कामाच्या शोधात गेला तो परतला नव्हता. घरच्यांच्या चेहऱ्यांवर प्रश्न असे, पण दर संक्रांतीस ती ओसरीवर येऊन दोन्ही हात पुढे करी. चुलते मुकाट्याने बांगड्या भरीत आणि तिच्यापाशी पैसे मागत नसत. तिचा नवरा आला की नाही, हे त्यांनी आम्हांस कधीच सांगितले नाही. दासोपंतांच्या चरित्रात त्यांच्या पत्नीची ही बारा वर्षे एका ओळीत संपतात. मोठ्या माणसाच्या वैराग्याची किंमत पुष्कळदा दुसऱ्याच कोणी चुकविलेली असते, हे चरित्रलेखकाने नमूद करावयास हवे. एवढे खरे की, भेटीनंतर दासोपंतांनी पुन्हा घर टाकले नाही. आईवडील आणि पत्नी यांसह ते अंबाजोगाईस येऊन राहिले आणि तेथेच त्यांचे पुढील सर्व आयुष्य गेले. सीतोपंत देशपांडे नावाच्या गृहस्थाने तेथे त्यांची भक्तीने व्यवस्था ठेवली.

अंबाजोगाई म्हणजे निजामाच्या अमदानीतील मोमिनाबाद. दासोपंत तेथे आले तेव्हा ते ब्रह्मविद्येचे जुने पीठ होते. आद्य मराठी कवी मुकुंदराज यांची समाधी तेथे दाखविली जाते. त्यांच्या विवेकसिंधूत शके १११० म्हणजे सन ११८८ हा काळ नोंदलेला आहे. मुकुंदराजांच्या काळाविषयी व स्थळाविषयी पंडितांत वाद आहे आणि विदर्भही त्यांच्यावर हक्क सांगतो. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. जागृती, स्वप्न, सुषुप्ती हा विचार मराठीत मांडण्याची वाट दासोपंतांच्या पूर्वीच पडलेली होती, इतके ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

या वाटेवरून दासोपंत चालले ते थांबलेच नाहीत. गीतेवर त्यांनी गीतार्णव नावाची टीका रचली. तिची ओवीसंख्या सव्वा लाख सांगतात. याखेरीज गीतार्थबोधचंद्रिका, ग्रंथराज, पदार्णवातील पदे, संस्कृत रचना, अशी त्यांची ग्रंथसंपदा आहे. त्यांस रोज एक ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. एवढे लिहिणाऱ्याचे सगळेच लिहिणे सारख्या कसाचे असणार नाही, आणि तसे ते नाहीही. ज्ञानेश्वरीच्या ओवीतील प्रसाद त्यांच्या ओवीत शोधणाऱ्याची निराशा होते. त्यांची दृष्टी कवीपेक्षा मोजदाद करणाऱ्याची आहे. जे आहे ते सर्व नोंदले पाहिजे, काही सुटता कामा नये. देशपांड्याच्या घरात जन्मलेल्या मुलाने परगण्याच्या वहीऐवजी मनुष्याची वही हाती घेतली, असे म्हणावेसे वाटते.

पासोडीवरील विषय पंचीकरण हा आहे. हा शब्द ऐकून पुष्कळजण दचकतात. वस्तुतः आपल्या समाजास तो समजण्यास अडचण पडू नये. तांबे आणि कथील एकत्र केले म्हणजे कांसे होते, तांबे आणि जस्त मिळून पितळ होते. कांशाच्या वाटीत तांबे निराळे दिसत नाही, कथीलही दिसत नाही. रंग तिसरा आणि नादही तिसरा. वेदान्ती म्हणतात, जग असेच मिसळीचे आहे. आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी ही पाच सूक्ष्म भूते शुद्ध स्वरूपात इंद्रियांस कळत नाहीत. प्रत्येकाने आपला अर्धा भाग राखला आणि उरलेल्या अर्ध्याचे चार वाटे करून इतर चौघांत वाटले, म्हणजे स्थूल भूत झाले. रुपयाच्या जुन्या हिशेबाने सांगावयाचे तर आठ आणे स्वतःचे आणि दोन-दोन आणे चौघांकडून आलेले. ही भूते म्हणजे रसायनशास्त्रातील मूलद्रव्ये नव्हेत. तशी ओढाताण करून आपल्या पूर्वजांस सर्वच विज्ञान ठाऊक होते असे सांगणारे लोक पूर्वजांचा मान वाढवीत नाहीत.

खरी गंमत यापुढे आहे. मराठी पंचीकरणाची जी सर्वसाधारण मांडणी आहे, आणि जी समर्थांच्या दासबोधातही आढळते, तिच्यात प्रत्येक भूताचे पाच-पाच गुण देहात मोजले जातात. ग्रंथागणिक त्यात थोडा फेर असतो. हाडे, मांस, त्वचा, नाडी, केस हे पृथ्वीचे. लाळ, घाम, रक्त इत्यादी आपाचे. भूक, तहान, आळस, झोप हे तेजाचे. हालणे, वळणे, आकुंचन पावणे हे वायूचे. आणि आकाशाचे? काम, क्रोध, शोक, मोह आणि भय. म्हणजे माझे भय हे माझ्या केसांसारखे आणि घामासारखे एक मोजता येणारे तत्त्व ठरले. ते आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण केस म्हणजे मी नव्हे, त्याचप्रमाणे भय म्हणजेही मी नव्हे. ही यादी बेदरच्या बंदिवासातून आलेल्या माणसाने लिहिलेली आहे, हे लक्षात ठेवून ती वाचली म्हणजे रुक्ष वाटत नाही.

मनाची वाटणीही अशीच बारीक आहे. अंतःकरण, मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार. बोलताना आपण या सर्वांस मन म्हणून मोकळे होतो. एखादे गिऱ्हाईक दुकानावरून चालले आहे, घागरीवर त्याची नजर पडते आणि आत काहीतरी हलते. अजून विचार नाही, नुसते स्फुरण. ते अंतःकरण. घ्यावी की न घ्यावी, हे मन. घ्यावयाचीच, हा निश्चय करणारी बुद्धी. घरी जाताना वाटेने भाव बरोबर पडला का म्हणून जे घोळत राहते ते चित्त. आणि घरी पोचताच घागर माझी झाली, तो अहंकार. दुसऱ्या दिवशी सुनेच्या हातून तिला पोचा पडला म्हणजे तो घागरीस पडत नाही, सासऱ्याच्या छातीस पडतो. हे सर्व आपण रोज पाहतो. पाहात असताना पाच निरनिराळे व्यापार चालले आहेत हे ओळखीत नाही, इतकेच.

यानंतर अवस्थांचा विचार येतो. जागेपणी स्थूल देह आणि बाहेरचे जग. स्वप्नात इंद्रिये मिटलेली, तरी वासनांच्या बळावर आत जग उभे राहते. तो सूक्ष्म देहाचा व्यापार. गाढ झोपेत तेही नाही, केवळ अज्ञान. त्यास कारण देह म्हणतात. मराठी ग्रंथकार यापुढे महाकारण देह आणि तुर्या अवस्था सांगतात. येथे वेदान्त्यांचा एक प्रश्न फार मार्मिक आहे. सकाळी उठून मनुष्य म्हणतो की सुखाने झोपलो, काही कळले नाही. काही कळले नाही, हे कोणास कळले? झोपेतसुद्धा कोणीतरी जागा होता म्हणूनच झोपेची साक्ष मिळते, असे त्यांचे उत्तर आहे. तो साक्षी म्हणजेच खरा मी. जागृती, स्वप्न आणि झोप त्याच्यापुढून येतात आणि जातात.

पाश्चात्त्य मानसशास्त्र या प्रांतात अलीकडे शिरले. अमेरिकेतील विल्यम जेम्स यांचा मानसशास्त्रावरील मोठा ग्रंथ १८९० सालचा; जाणीव ही तुटक तुकड्यांची नसून वाहत्या प्रवाहासारखी आहे, हे त्यांनी त्यात प्रतिपादिले. फ्रॉइड यांच्या स्वप्नमीमांसेवर १९०० हे साल आहे. दडपलेल्या इच्छा स्वप्नात वेषांतर करून येतात, असा त्यांचा सिद्धान्त. शिकागो येथे ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ साली दाखवून दिले की झोपेत ठराविक काळाने बुबुळे जलद हालू लागतात आणि त्या वेळी उठविले असता बहुधा मनुष्य स्वप्न सांगतो. झोप ही एकजिनसी नाही, हे त्यामुळे यंत्राने सिद्ध झाले. स्वप्न आणि गाढ झोप यांस निराळे मानणाऱ्या आपल्या विचाराशी याचे साम्य आहे. पण साम्य तेथेच थांबते. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ जाणीव ही मेंदूच्या व्यापारातून कशी उत्पन्न होते हे शोधतो, आणि त्याचे उत्तर अद्याप पूर्ण लागलेले नाही. दासोपंतांच्या मते जाणीव उत्पन्नच होत नाही. मेंदूसकट सर्व देह तिच्या उजेडात दिसतो. दोघांचे प्रश्नच भिन्न आहेत. एकास यंत्र समजून घ्यावयाचे आहे, दुसऱ्यास त्या यंत्रातून सुटावयाचे आहे.

आता हे सर्व कापडावर का लिहिले? कागद त्या काळी होता, आणि दासोपंतांनी पोथ्याही लिहिल्या. लेखकाचा तर्क असा की, पोथीचे पान उलटले म्हणजे मागचे झाकले जाते. पंचीकरण तर असे की, पंचवीस तत्त्वे, चार देह, चार अवस्था यांचा परस्परसंबंध एकाच वेळी नजरेपुढे असल्यावाचून उमगत नाही. पासोडी अंथरली म्हणजे शिष्यांनी भोवती बसावे, आणि स्थूल देहाकडून महाकारणाकडे बोटाने चालत जावे. हा तर्क चुकीचाही असेल. दुसरीही एक गोष्ट मनात येते. जे अंगावर घ्यावयाचे, ज्याच्याखाली मनुष्य झोपतो, स्वप्ने पाहतो आणि जागा होतो, त्याच वस्त्रावर झोपेचा आणि स्वप्नाचा विचार लिहिला गेला. दासोपंतांच्या ध्यानी हे आले नसेल, असे वाटत नाही.

पैठणचे एकनाथ महाराज हे त्यांचे ज्येष्ठ समकालीन. दासोपंत नाथांच्या भेटीस गेले असता नाथांच्या दारी साक्षात दत्तात्रेय हाती दंड घेऊन पहारा करताना त्यांस दिसले, अशी कथा आहे. उपासनेत आपणच पुढे आहोत, असा जो अभिमान त्यांच्या मनात होता तो त्या दर्शनाने गळाला, असे भाविक सांगतात. अहंकार हे अंतःकरणाचे पाचवे तत्त्व आहे, हे स्वतः लिहून ठेवणाऱ्यासही ते ओळखण्यास दुसऱ्याच्या दारी जावे लागले. ही कथा दासोपंतांच्याच भक्तांनी जपून ठेवली, याचे लेखकास विशेष कौतुक वाटते. पुढे दोघांचा स्नेह जडला आणि नाथही अंबाजोगाईस येऊन गेले, अशी परंपरा आहे.

नाथांनी सन १५९९ च्या सुमारास देह ठेवला. दासोपंत त्यानंतर सुमारे सोळा वर्षे लिहीत राहिले. शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीस त्यांचे देहावसान झाले. पुस्तकांतून सन १६१५ असे छापलेले असते. माघ महिना धरता इंग्रजी साल १६१६ येते. अंबाजोगाईस त्यांची समाधी आहे, आणि गावात थोरले देवघर व धाकटे देवघर अशी त्यांच्या परंपरेची दोन स्थाने आहेत. तेथील दत्तमूर्ती एकमुखी आहे. ज्यांस जावयाचे असेल त्यांनी शिरूरहून बीडमार्गे जावे, आणि होईल तर माघ वद्य षष्ठीच्या सुमारास जावे. त्या वेळी पुण्यतिथीचा उत्सव असतो.